तिसरा डबा

इतिहासावर लेख द्या, असा आग्रह स्मरणिकेच्या संपादकांनी धरला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा पानिपत किंवा निदान शनिवारवाडा असावा. पण आपण राहतो सौदी अरेबियात, आणि इथेही इतिहास घडतोच. कधी राजवाड्यात, कधी तेलाच्या विहिरीत, तर कधी चक्क मोटारीच्या बॉनेटखाली. मी कॉम्प्युटरवाला माणूस. घडलेल्या घटनांपेक्षा बिघडलेल्या यंत्रांचा इतिहास मला जास्त जवळचा वाटतो. म्हणून या वर्षी एका डब्याची गोष्ट सांगतो. जेवणाचा नव्हे, फेरारीतला.

फेरारी म्हटलं की आपल्या पिढीच्या मराठी माणसाला आधी सचिन आठवतो. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फियाटने २००२ मध्ये त्याला भेट दिलेली ती लाल ३६० मोडेना, तिची चावी देणारा मायकेल शूमाकर, आणि मग आयात शुल्काच्या माफीवरून २००३ मध्ये झालेला गहजब! नाक्यानाक्यावर लोक कस्टम्सचे कायदे शिकले होते. आमच्या मंडळातल्या मुलांना मात्र फेरारी म्हटलं की शार्ल लक्लेर आठवतो, आणि त्याचं नाव घेतलं की लगेच पाठोपाठ हळहळ येते. त्या हळहळीतली एक मोठी घटना जेद्दाची आहे.

जेद्दाच्या कॉर्निशवरचा ट्रॅक ६.१७४ किलोमीटर लांब, २७ वळणांचा. एका बाजूला तांबडा समुद्र, दुसऱ्या बाजूला भिंत. १८ मार्च २०२३ च्या पात्रता फेरीत लक्लेर तिथे दुसरा आला. पहिल्या आलेल्या सर्जिओ पेरेझपेक्षा सेकंदाच्या सहाव्या हिश्शाने मागे. तरीही दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला बाराव्या जागेवर. त्याने कुणाला धडक दिली नव्हती की कुणाचा रस्ता अडवला नव्हता. त्याच्या गाडीत एक डबा तिसऱ्यांदा नवा बसवला होता, आणि तेव्हाच्या नियमाने वर्षभरात दोनच मिळत. दंड दहा जागा.

हा दंड ड्रायव्हरला का? हा प्रश्न मला माझ्या दहावीतल्या पुतणीने विचारला. तिला दोन मिनिटांत उत्तर देता येईना, म्हणून मी जरा खोलात गेलो. गेलो तर सौदीचं आणि या खेळाचं नातं कॉर्निशच्या ट्रॅकपेक्षा चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुनं निघालं. त्या नात्याच्या सुरुवातीलाही इंजिनाचा एक फुटका भाग आहे.

१९७७ मध्ये फ्रँक विल्यम्स आणि इंजिनिअर पॅट्रिक हेड यांनी इंग्लंडमध्ये डिडकॉट या गावी एका जुन्या गालिच्यांच्या गोदामात नवा संघ काढला. विल्यम्स तोवर या खेळात अनेकदा तोंडघशी पडलेला होता. पैसा नव्हता. तो मिळाला सौदीतून. १९७८ मध्ये त्यांची पांढरी-हिरवी गाडी ट्रॅकवर आली तेव्हा तिच्यावर सौदिया एअरलाइन्सचं नाव होतं, आणि अलबिलाद या सौदी कंपनीचंही. आपण सुट्टीला मुंबईला जाताना जिच्या विमानात सामानाच्या किलोवरून हुज्जत घालतो, तीच ही सौदिया!

गाडीतलं इंजिन कॉसवर्थचं, डीएफव्ही नावाचं, तीन लिटरचं आठ सिलिंडरचं. १९६७ पासून चालत आलेलं आणि निम्म्याहून जास्त संघ वापरत असलेलं. म्हणजे त्या काळातली आपली ॲम्बॅसेडरच म्हणा, फक्त वेग वेगळा. हेडने १९७९ च्या मोसमात एफडब्ल्यू०७ ही नवी गाडी आणली. १४ जुलैला सिल्व्हरस्टोनला ॲलन जोन्स त्या गाडीतून सगळ्यांच्या पुढे उभा होता आणि शर्यत सुरू झाल्यावर आणखी पुढे गेला. कुणी त्याच्या आसपास नव्हतं. अर्ध्याहून थोडी जास्त शर्यत झाली आणि वॉटर पंपाला तडा गेला. पाणी गळालं, इंजिन तापलं, जोन्स गाडी सोडून उतरला. संघाच्या दुसऱ्या गाडीत ३९ वर्षांचा क्ले रेगाझोनी होता. तो शांतपणे पुढे आला आणि जिंकला. विल्यम्स संघाचा हा पहिलाच विजय. नंतरच्या समारंभात रेगाझोनीने शॅम्पेनऐवजी फळांचा रस प्यायला, कारण पैसे देणारे पाहुणे सौदी होते. आज जेद्दाच्या शर्यतीनंतर विजेते गुलाबपाण्याच्या सरबतासारखं काहीतरी उडवतात त्याचं जगाला नवल वाटतं. पण तो पायंडा १९७९ सालचा आहे, आणि तोही इंग्लंडमधला.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्या पंपाचा दंड जोन्सला एकदाच बसला, त्या दिवशी. पुढच्या सहा शर्यतींपैकी चार त्याने जिंकल्या आणि १९८० मध्ये तो जगज्जेता झाला. पंप बदलला म्हणून कुणी त्याला मागे उभं केलं नाही. त्या काळात इंजिनं उघडून बांधणं हा रोजचाच उद्योग होता. शनिवारी एक, रविवारी दुसरं. १९८० च्या दशकात टर्बो आले तेव्हा तर पात्रता फेरीसाठी खास इंजिन बांधत. चार-सहा फेऱ्यांत जीव तोडून पळवायचं आणि काढून ठेवायचं. लग्नातल्या पत्रावळीसारखं.

याच टर्बोच्या काळात सौदीशी दुसरं नातं जुळलं. दमास्कसमध्ये जन्मलेले पण सौदी नागरिक असलेले अक्रम ओज्जेह यांनी टॅग नावाची कंपनी उभी केली होती. आधी तिचं नाव विल्यम्सच्या गाडीवर झळकलं. मग त्यांचे चिरंजीव मन्सूर यांनी मॅक्लारेनच्या रॉन डेनिसशी हातमिळवणी केली. इंजिन पोर्शेने बनवायचं, हान्स मेझगर यांच्या देखरेखीखाली, आणि खर्च टॅगने करायचा. म्हणून इंजिनावर नाव टॅगचं. ते १९८३ मध्ये ट्रॅकवर उतरलं. १९८४ मध्ये मॅक्लारेनने १६ पैकी १२ शर्यती जिंकल्या आणि निकी लाउडाने आपल्याच संघातल्या अलँ प्रोस्टला अर्ध्या गुणाने हरवलं. अर्ध्या! पुढची दोन वर्षं प्रोस्टची. एकंदर २५ विजय. पण १९८५ मध्ये तेच इंजिन, तीच गाडी असताना लाउडाला एकच शर्यत जिंकता आली आणि बहुतेक शर्यतींत तो शेवटपर्यंत पोचलाच नाही. कधी इंजिन, कधी गिअरबॉक्स, कधी विजेचं काही. एकाच गॅरेजमधल्या दोन गाड्या, एक धावते आणि एक रुसते. ज्यांच्या घरी एकाच दिवशी घेतलेले दोन लॅपटॉप आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. मन्सूर ओज्जेह जून २०२१ मध्ये गेले. त्यानंतर सहा महिन्यांनी जेद्दाला पहिली शर्यत झाली.

पत्रावळीचा कारभार अर्थातच परवडेना. २००४ मध्ये नियम झाला की एका शर्यतीच्या आठवड्यात एकच इंजिन. २००५ मध्ये तेच दोन शर्यतींना पुरवायचं. २००९ मध्ये मोसमाला आठ. २०१४ मध्ये विजेवरची जोड-यंत्रं आली, तेव्हा पाच. पुढच्या वर्षी चार, आणि २०१८ मध्ये मुख्य भागांना तीन, काहींना दोनच. रेशनिंगच म्हणायचं. पण शिधापत्रिका ड्रायव्हरच्या नावाची. कोटा संपला आणि आणखी लागलं तर पहिल्या वेळी दहा जागा मागे, त्यानंतर पाच.

त्यातून गमती झाल्या. २०१५ मध्ये होंडा मॅक्लारेनला इंजिन घेऊन परत आली आणि इंजिनं पटापट निकामी होऊ लागली. त्या वर्षी बेल्जियमच्या शर्यतीत मॅक्लारेनच्या दोन ड्रायव्हरांना मिळून १०५ जागांचा दंड झाला. शर्यतीत गाड्या वीस! म्हणजे उरलेल्या जागा काय पार्किंगमध्ये भरायच्या होत्या? पुढे नियम सुधारून, पंधरापेक्षा जास्त जागांचा दंड झाला तर सरळ शेवटी उभं राहायचं, असं ठरलं.

होंडाची ही गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिचा सगळ्यात वाईट अध्याय आपल्या शेजारी घडला. टर्बोच्या दांड्यावर एक विजेचं यंत्र बसवलेलं असे, एमजीयू-एच नावाचं. ते मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतं. एप्रिल २०१७ मध्ये बहरीनला होंडाची ही यंत्रं एकामागून एक गेली. एक गेलं, दुसरं बसवलं, तेही गेलं. स्टोफेल व्हॅनडोर्नला शेवटी शर्यत सुरूच करता आली नाही. तो मोसम संपला तेव्हा मॅक्लारेनने होंडाशी फारकत घेतली.

पण होंडाच्या लोकांनी एक शहाणपणाचं काम केलं. ते आपल्याच घरात मदत मागायला गेले. होंडा विमानंही बनवते. विमानाच्या जेट इंजिनात लांब दांडा अतिवेगाने फिरवणं ही रोजची बाब. त्या विभागातल्या इंजिनिअरांनी पाहिलं, तर दुखणं यंत्राच्या आत नव्हतंच. टर्बाइन एका टोकाला, कंप्रेसर दुसऱ्या टोकाला, मध्ये लांब दांडा. तो विशिष्ट वेगाला थरथरायचा आणि बेअरिंगचा बळी द्यायचा. यंत्र कितीही नवं बसवा, थरथर तीच. ती थरथर काढली आणि २०१८ नंतर हे दुखणं संपलं.

इथे थोडं थांबून माझ्या धंद्यातलं सांगतो. रियाधमधल्या एका ग्राहकाकडे सर्व्हरचा पॉवर सप्लाय तीन महिन्यांत तीनदा जळला. पुरवठादार सज्जन होता, दर वेळी तक्रार न करता नवा द्यायचा, आणि दर वेळी सगळे खूष व्हायचे. मी म्हटलं, चौथा बसवण्याआधी भिंतीतलं वायरिंग बघा. अर्थिंग सुटलेलं होतं. नवा भाग बसवून यंत्र चालू झालं की माणूस समजतो, रोग गेला. पहिल्यांदा जाणं हा योगायोग असू शकतो. बदललेला भागही त्याच वाटेने गेला तर संशयाची सुई त्या भागावरून काढून आजूबाजूला फिरवावी लागते. त्या खेपेतला मालच खराब होता का, बसवताना काही चुकतंय का, की शेजारचं कुणी त्याचा गळा आवळतंय? हे तिन्ही प्रश्न महागडे, कारण त्यांना वेळ लागतो. नवा भाग काय, कपाटातून काढला की झालं.

रस्त्यावरच्या गाड्यांतही हेच. आपल्या खाडीत पोर्शे काही दुर्मीळ नाही. १९९६ मध्ये आलेल्या बॉक्स्टरच्या आणि नंतरच्या ९११ च्या इंजिनात एक मधला दांडा होता. क्रँकशाफ्टची ताकद तो कॅमशाफ्टकडे पोचवतो. त्याच्या एका टोकाला सीलबंद बेअरिंग. सील हळूहळू हार खाई, आतलं ग्रीस धुऊन जाई आणि पुरेसं तेल काही आत पोचत नसे. बेअरिंग गेलं की टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन भंगारात. वॉरंटीत अख्खं इंजिन बदलून मिळे, पण त्यातही बेअरिंग त्याच जातीचं! मध्यंतरी दुहेरी ओळीच्या बेअरिंगच्या जागी एकेरी ओळीचं आलं, तेव्हा तक्रारी वाढल्या. अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड. खरा इलाज झाला तो २००९ च्या मॉडेलपासून, जेव्हा नव्या इंजिनातून तो मधला दांडाच काढून टाकला.

आपल्या दम्मामची सात नंबरची विहीर मला या संदर्भात नेहमी आठवते. पहिल्या सहा विहिरींनी निराशा केली होती. शेजारच्या बहरीनमध्ये ज्या थरात तेल लागलं तोच थर इथे शोधत होते. सातवी जास्त खोल नेली, आणि ४ मार्च १९३८ रोजी जवळजवळ १,४४० मीटरवर तेल लागलं. पुढे तिला समृद्धीची विहीर असं नाव मिळालं. आपण सगळे इथे आहोत ते त्या खोलीमुळे.

आता जेद्दा. ५ डिसेंबर २०२१, पहिली सौदी अरेबियन ग्रांप्री. या शर्यतीत सुट्या भागांचं राजकारण भरपूर होतं, फक्त टीव्हीवर धडकाच जास्त दिसल्या. लुईस हॅमिल्टनच्या मर्सिडीजमध्ये त्या दिवशी जे इंजिन होतं ते मोसमातलं पाचवं, कोट्याबाहेरचं. तीन आठवड्यांपूर्वी ब्राझीलला त्यासाठी पाच जागांचा दंड भरला आणि तरी तिथे तो जिंकला. मग कतारला ते इंजिन जपून ठेवलं आणि जेद्दाच्या लांब सरळ रस्त्यांसाठी बाहेर काढलं. दंड म्हणजे शिक्षा नव्हे, किंमत, असा हिशेब. समोर मॅक्स व्हर्स्टापन, रेड बुल गाडीत, आणि इंजिन कुणाचं? होंडाचं! चार वर्षांपूर्वी बहरीनला हसं झालेलं. आदल्या रात्री पात्रता फेरीच्या अगदी शेवटच्या वळणावर त्याने गाडी भिंतीला घासली. गिअरबॉक्स बदलावा लागला असता तर पाच जागा गेल्या असत्या. रात्रभर तपासून रेड बुलने तोच ठेवला आणि तो शेवटपर्यंत टिकला. हॅमिल्टन जिंकला आणि दोघांचेही गुण झाले ३६९.५. आठवड्याने अबुधाबीत व्हर्स्टापन जगज्जेता झाला. त्या दिवशी आपला मुंबईचा जेहान दारूवालाही फॉर्म्युला टूच्या शर्यतीत याच ट्रॅकवर होता. २०२२ आणि २०२३ मध्येही तो तिथे धावला.

फेरारीसाठी २०२२ चा मोसम जिव्हारी लागणारा ठरला. लक्लेर सुरुवातीला गुणतक्त्यात पहिला होता. मे महिन्यात स्पेनला आघाडीवर असताना टर्बो आणि एमजीयू-एच गेले. जूनमध्ये बाकूला, पुन्हा आघाडीवर, इंजिन गेलं. जुलैत ऑस्ट्रियाला त्याचा साथी कार्लोस साइन्झची गाडी पेटली. वर्षअखेर संघप्रमुख मत्तिया बिनोत्तो पायउतार झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये फ्रेडरिक वासूर आले. त्यात इंजिनांचा विकास नियमाने गोठवलेला. ताकद वाढवता येत नसे, फक्त टिकाऊपणासाठी परवानगी घेऊन दुरुस्ती.

नव्या साहेबांची पहिलीच शर्यत बहरीनला, ५ मार्च २०२३. दम्माम-खोबरची आपली मंडळी किंग फहद पुलावरून तासाभरात तिथे जातात, पुलावर गर्दी नसली तर. त्या रविवारी सकाळी फेरारीच्या लोकांनी लक्लेरची गाडी नेहमीप्रमाणे सुरू करून पाहिली आणि डबा क्रमांक एक बोलेना.

हा डबा म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या वेळच्या गाडीत १.६ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन होतं, म्हणजे आकाराने इथल्या रस्त्यावरच्या साध्या कोरोलाएवढं. त्याला जोडून दोन विजेची यंत्रं. एक टर्बोवरचं, ज्याची कथा वर आली. दुसरं एमजीयू-के, जे ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद पकडतं आणि नंतर १२० किलोवॅटपर्यंत, म्हणजे साधारण १६० अश्वशक्ती, परत चाकांना देतं. मध्ये बॅटरी. बॅटरीची वीज एका जातीची, यंत्रांची दुसऱ्या जातीची. ती इकडून तिकडे बदलून देणारा, सेकंदाच्या बारीक तुकड्यांत किती द्यायची, किती घ्यायची हे सांभाळणारा तो कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्सचा डबा. लोडशेडिंगच्या काळात आपल्या घराघरात जिन्याखाली आलेला इन्व्हर्टर आठवा. त्याचाच हा अतिश्रीमंत चुलतभाऊ, पेट्रोलच्या टाकीखाली बसलेला. सगळ्या संघांना सारखा दिलेला मुख्य कॉम्प्युटर वेगळा, हा वेगळा. तो गेला तर गाडी नुसती मंद होत नाही, उभी राहते.

तर पहिला डबा गेला. शर्यतीआधी बॅटरी आणि डबा दोन्ही नवे बसवले. लक्लेर सुटला, दोन्ही रेड बुलच्या मागे तिसरा धावत होता, ५७ पैकी चाळीसच्या आसपास फेऱ्या झाल्या होत्या, आणि दुसरा डबा गेला. गाडी रस्त्याच्या कडेला. फर्नांडो अलोन्सोला तिसरी जागा मिळाली. एका दिवसात वर्षाचा कोटा संपला! मोसमात अजून बावीस शर्यती बाकी होत्या.

वासूर यांनी नंतर सांगितलं की दोन्ही वेळा बिघाड त्याच भागात झाला आणि असं त्यांनी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सरावाच्या दिवसांत बहरीनलाच हजारो किलोमीटर झाले होते, तेव्हा त्या डब्याने हूं की चूं केलं नव्हतं. जेद्दाला दंड भरण्याखेरीज इलाज नाही, हे शर्यतीआधीच जाहीर झालं. दोन आठवड्यांच्या आत मारानेल्लोला डबे उघडायचे, कारण शोधायचं, आणि तिसरा त्याच दुखण्याने जाणार नाही अशी खात्री करून इथे पाठवायचा. जेद्दाचा ट्रॅक म्हणजे ताशी २५० किलोमीटरच्या सरासरीने पळण्याचा. डब्याला दम खायला जागा नाही.

त्या पुतणीच्या प्रश्नाकडे येतो. नियम करणाऱ्यांचं म्हणणं असं, की दंड नसेल तर श्रीमंत संघ पुन्हा पत्रावळी सुरू करतील. ते खरं आहे, हॅमिल्टनच्या पाचव्या इंजिनाने दाखवलंच. दंड असूनही ज्याला परवडतं तो घेतो. पण जो मुद्दाम ताजं इंजिन घेतो आणि ज्याचा डबा सकाळी मेलेला सापडतो, दोघांना एकच कलम. गुण संघाचे कापावेत, ड्रायव्हरची जागा कापू नये, असं माझं मत. यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर दोन तट आहेत. पूर्वी कंपनीचा पीआरओ इकाम्याच्या अर्जात एक अक्षर चुकवायचा आणि रांगेत दिवसभर आपण ताटकळायचो. ते ज्यांनी अनुभवलं आहे ते माझ्या बाजूने आहेत.

वाळवंटातल्या शर्यतीत या बाबतीत जरा माणुसकी दिसते. जानेवारी २०२० मध्ये डकार रॅली पहिल्यांदा सौदीत आली. आपल्या हीरो कंपनीच्या संघात पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्व्हेस होता. तिसऱ्या टप्प्यात, निओमच्या परिसरात, त्याच्या मोटरसायकलचं इंजिन गेलं. तो तासन् तास मदतीच्या ट्रकची वाट पाहत बसला आणि ट्रक आल्यावर स्वतःच्या हाताने इंजिन बदलून टप्पा पुरा केला. जिंकण्याची आशा संपलेली होती, तरी पुढे निघाला. १२ जानेवारीला, रियाधहून वादी अद-दवासिरला जाताना, तो पडला आणि त्यातच गेला. चाळीस वर्षांचा होता. त्याचा इंजिनाशी काही संबंध नव्हता. हीरोने त्या वर्षीची रॅली तिथेच सोडली. २०२४ मध्ये इथेच हीरोचा रॉस ब्रांच एकूण क्रमवारीत दुसरा आला, तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना गोन्साल्व्हेसची आठवण झाली.

१९ मार्च २०२३, रात्री आठ वाजता जेद्दाला दिवे विझले. रविवार म्हणजे इथे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, त्यामुळे निम्मी मंडळी ऑफिसच्या कपड्यांतच टीव्हीसमोर. व्हर्स्टापनच्या गाडीचा ड्राइव्हशाफ्ट आदल्या दिवशी तुटला होता, म्हणून तो पंधरावा सुटला आणि दुसरा आला. पेरेझ जिंकला. अलोन्सो तिसरा, त्याचं शंभरावं पारितोषिक. ते दंडाने काढून घेतलं आणि काही तासांनी परत दिलं, त्यावर वेगळा लेख होईल. लक्लेरने बाराव्या जागेवरून सुरुवातीला भराभर गाड्या मागे टाकल्या. टायर बदलून बाहेर आला आणि लगेच लान्स स्ट्रोलच्या बंद पडलेल्या गाडीमुळे सेफ्टी कार आली. बाकीच्यांना टायर स्वस्तात बदलून मिळाले आणि त्याची कमाई पाण्यात गेली. साइन्झच्या मागे सातवा आला. सहा गुण मिळाले. तिसरा डबा पन्नासही फेऱ्या चालला.